टीबीची तपासणी गावाजवळ यायला लागलेली वर्षं

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. पुढे शंभरहून जास्त वर्षं गरीब देशांत निदानाची मुख्य रीत एकच राहिली. बेडका काचपट्टीवर पसरायचा, लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत खालून तापवायचा, आम्लाने धुवायचा, वरून निळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारखे दिसणारे लाल जंतू शोधायचे. ही तपासणी स्वस्त आहे, पण मिलिलिटरभर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असतील तरच ते दिसतात. त्याहून कमी असले की रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि माणूस खोकतच घरी जातो.

खेड्यातले लोक अंगावर दुखणं काढतात, दवाखान्यात येतच नाहीत, असं आजही सर्रास बोललं जातं. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेला अभ्यास 1963 मध्ये छापून आला आणि त्याने हा समज खोटा ठरवला. बेडक्यात जंतू सापडलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक आधीच दवाखान्यात जाऊन आले होते. त्यांच्या हाती खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना परत पाठवलं गेलं होतं. रुग्ण दारापर्यंत आला होता, तिथे तपासणीच नव्हती. या विषयातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं संशोधन हेच.

1962 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने जिल्हा क्षयरोग केंद्रं उभी केली. 1997 पासूनच्या सुधारित कार्यक्रमात दर लाख लोकसंख्येमागे (डोंगरी, आदिवासी भागात पन्नास हजारांमागे) एक सूक्ष्मदर्शक केंद्र आलं. मात्र जंतू औषधाला दाद देतो का, हे काचपट्टी सांगत नाही. त्यासाठी कल्चर लावून, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, काही आठवडे थांबावं लागे. दरम्यान खासगी लॅबमध्ये टीबीसाठी रक्ताच्या चाचण्या जोरात चालल्या. त्या बेभरवशाच्या निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्या वापरू नका असं सांगितलं आणि 2012 मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. तोवर किती कुटुंबांनी उसने पैसे काढून त्या केल्या असतील!

डिसेंबर 2010 मध्ये संघटनेने जीनएक्सपर्ट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्राला मान्यता दिली. बेडका कार्ट्रिजमध्ये घालायचा, दोनेक तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही कळतं. पण या यंत्राला अखंड वीज आणि एसीची खोली लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हेच दोन्ही नसतं, त्यामुळे ते मोठ्या रुग्णालयांतच राहिलं.

ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून गोव्याच्या मोलबायो कंपनीने ट्रूनॅट हे तशाच तपासणीचं यंत्र आणलं. छोटं, बॅटरीवर चालणारं, एसीशिवाय भागणारं. संघटनेने 2020 मध्ये त्याची शिफारस केली. त्याच वर्षी कोविडच्या तपासणीसाठी ही यंत्रं देशभर लागली, आणि त्यांतली बरीच पुढे टीबीच्या कामी आली.

लहान मुलं मात्र मागेच राहिली. त्यांना बेडका काढता येत नाही. नाकातून नळी घालून उपाशीपोटी जठरातलं पाणी काढायचं म्हणजे मुलाला रुग्णालयात दाखल करणं आलं, आईचा रोज बुडणं आलं. 2020 पासून मुलांच्या शौचाच्या नमुन्यावरही जीनएक्सपर्ट चालवायला संघटनेची संमती आहे. ही सोय प्रत्येक तालुक्यात मिळायलाच हवी.