आयर्न मॅन मागताय? कोणत्या विश्वातला, ते आधी ठरवा

‘आयर्न मॅनचा पहिला अंक आहे का?’ असं आमच्या कॉमिक्सच्या दुकानात विचारलंत तर आम्ही उलट विचारतो, कोणत्या सालचा? मुखपृष्ठावरचा महिना धरला, तर ‘आयर्न मॅन १’ हा अंक मे १९६८, नोव्हेंबर १९९६, फेब्रुवारी १९९८ आणि जानेवारी २००५ असा पुन्हा पुन्हा निघाला आहे, आणि त्यानंतरही बरेचदा. यातला १९९६ चा अंक मूळ मार्वल विश्वातला, म्हणजे मार्वल कंपनीच्या मुख्य, सलग चालत आलेल्या कथेतला, नाहीच. शिवाय ‘अल्टिमेट’ नावाची दोन वेगळी विश्वं आहेत, आणि दोन्हींत टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅनच्या चिलखतातला माणूस, पहिल्यापासून नव्याने घडवलेला आहे. चुकीचा अंक घरी जातो तो बहुतेक वेळा या गोंधळामुळे, म्हणून हे पत्रक.

निवड करताना एकच गोष्ट पाहा: जखम कुठे आहे? आयर्न मॅन हा इतरांसारखा पोशाख चढवणारा नायक नाही. चिलखत काढलं तर माणूस मरेल, ही त्याच्या गोष्टीची मूळ अट. प्रत्येक नव्या विश्वात लेखकांनी ही अट हलवली आहे. ती कुठे नेऊन ठेवली, यावर पुढची सगळी मालिका कशी वाचली जाते ते ठरतं. चिलखताचा रंग आणि आकार ही नंतरची बाब.

मूळ टोनी

‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ अंक ३९, मुखपृष्ठावर मार्च १९६३. कल्पना स्टॅन लीची, संवाद लॅरी लीबरचे, चित्रं डॉन हेकची, मुखपृष्ठ आणि पहिलं चिलखत जॅक कर्बीचं. शस्त्रं बनवणारा टोनी व्हिएतनाममध्ये स्फोटात सापडतो, धातूचे तुकडे हृदयाकडे सरकत असतात, आणि कैदेत प्रोफेसर यिन्सेनच्या मदतीने छातीवर बसणारं यंत्र तयार होतं. पहिलं चिलखत राखाडी, ४० व्या अंकात सोनेरी, आणि आपल्या ओळखीचा लाल-सोनेरी मेळ ४८ व्या अंकात. सुरुवातीच्या गोष्टींत छातीचं यंत्र वरचेवर चार्ज करावं लागतं, आणि भिंतीतलं विजेचं सॉकेट कुठे सापडतंय यावर प्रसंगाचा ताण उभा राहतो. ते अंक आज वाचताना मजा येते ती याचीच.

१९९६: हीरोज रीबॉर्न

१९६८ ला सुरू झालेली पहिली ‘आयर्न मॅन’ मालिका ३३२ अंकांवर थांबली. शेवटच्या टप्प्यात मोठ्या टोनीला मारून त्याच्या जागी दुसऱ्या कालरेषेतला कोवळा टोनी आणला होता, आणि तो वाचकांच्या पचनी पडला नाही. मार्वलचीही आर्थिक ओढाताण चालू होती. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा काळात ‘हीरोज रीबॉर्न’ या नावाखाली चार मालिका बाहेरच्या दोन स्टुडिओंकडे सोपवल्या गेल्या. आयर्न मॅन आणि फँटॅस्टिक फोर जिम लीच्या वाइल्डस्टॉर्मकडे, अ‍ॅव्हेंजर्स आणि कॅप्टन अमेरिका रॉब लिफेल्डच्या स्टुडिओकडे. कथेतलं निमित्त असं, की ऑनस्लॉट या खलनायकाशी झालेल्या लढाईत नाहीसे झालेले नायक फँटॅस्टिक फोरमधल्या रीड रिचर्ड्सच्या मुलाने, फ्रँकलिनने, निर्माण केलेल्या एका छोट्या विश्वात जाऊन पोहोचतात.

आयर्न मॅनचं सुरुवातीचं लेखन स्कॉट लॉबडेल आणि जिम लीचं, सुरुवातीची चित्रं व्हिल्स पोर्टासिओची. इथे व्हिएतनाम नाही. हल्क आणि आयर्न मॅन या दोघांचा जन्म एकाच घटनाक्रमात गुंफला आहे, टोनी जबर जखमी होतो आणि अजून चाचणीतच असलेलं चिलखत जीव वाचवण्यासाठी चढवतो. जखम मूळ जागीच ठेवली, कारण तेवढं बदललं. चिलखत जाड, नळ्या आणि उंचवट्यांनी भरलेलं, नव्वदच्या दशकाचा शिक्का असलेलं. आमचं मत विचाराल तर चित्रांसाठी घ्या, कथेसाठी नको.

घेताना एक ध्यानात ठेवा. मालिका १३ अंकांची दिसते, पण ती सलग एकटी वाचता येत नाही. ६ वा आणि १२ वा अंक हे चारही मालिकांतून जाणाऱ्या कथांचे तुकडे आहेत, आणि १३ व्या अंकात वाइल्डस्टॉर्मची पात्रं येऊन मिसळतात. नुसते आयर्न मॅनचे १३ अंक घेतले, तर या तीन ठिकाणी गोष्ट मधूनच सुरू होते आणि मधूनच तुटते. सलग वाचायचं असेल तर एकत्रित संग्रह मागा. सुटे अंक हवेच असतील, तर इतर तीन मालिकांचे ६, १२ आणि १३ हे अंकही यादीत लिहा. किंमत वाढेल म्हणून हे अंक जपून ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा ते भरपूर छापले गेले, आणि लोकांनी भरपूर जपूनही ठेवले.

अल्टिमेट, पहिलं विश्व

ज्यांना ‘वेगळ्या विश्वातला आयर्न मॅन’ हवा असतो, त्यांना बहुधा हाच हवा असतो. २००० साली ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ने हे विश्व सुरू झालं, मार्वलच्या मोजणीत ते पृथ्वी-१६१०. जुना इतिहास न जमेस धरता नव्या वाचकाला पहिल्या पानापासून सुरुवात करता यावी, हा हेतू. आयर्न मॅनच्या बाबतीत मात्र इथेच घोळ झाला, कारण त्याची सुरुवात तीनदा झाली.

पहिली, २००१ मध्ये ‘अल्टिमेट मार्वल टीम-अप’च्या ४ आणि ५ या अंकांत. लेखक ब्रायन मायकल बेंडिस, चित्रकार माइक ऑलरेड. हलकीफुलकी, तेजस्वी रंगांची गोष्ट. संग्राहकांसाठी टोनीचं या विश्वातलं पहिलं दर्शन म्हणजे हा ४ था अंक.

दुसरी, ‘द अल्टिमेट्स’, २००२ ते २००४, मार्क मिलर आणि ब्रायन हिच, १३ अंक. हीच खरी पुनर्रचना. जखम छातीतून मेंदूत जाते: टोनीला शस्त्रक्रिया न होणारी गाठ आहे, दिवस मोजकेच उरलेत, आणि म्हणून तो पितो, उधळतो आणि जग वाचवायला निघतो. चिलखत त्याला जिवंत ठेवत नाही. मरणाआधी काहीतरी करून जायचं साधन म्हणून ते आहे. अट उलटी केली आणि तरी ती टिकली, ही मिलरची करामत. ते एकट्याने चढवताही येत नाही, तंत्रज्ञांचा ताफा लागतो. हिचने ते अवजड यंत्रासारखं काढलंय, वस्त्रासारखं नाही. पहिल्या अंकात टोनी सापडणार नाही. तो अंक सगळा दुसऱ्या महायुद्धात घडतो, तेव्हा ‘चुकीचा अंक आला’ म्हणून परत आणू नका.

संग्रह दोन भागांत मिळतो: ‘सुपर-ह्यूमन’ (अंक १ ते ६) आणि ‘होमलँड सिक्युरिटी’ (७ ते १३). पुढे ‘अल्टिमेट्स २’, हेही १३ अंक. पालकांसाठी: ६ व्या अंकात चमूतलाच हँक पिम बायकोला मारहाण करतो तो प्रसंग सविस्तर दाखवलाय, आणि इतरत्रही हिंसा उघडीवाघडी आहे. शाळकरी मुलांना आम्ही ही मालिका देत नाही.

तिसरी, ‘अल्टिमेट आयर्न मॅन’, २००५ पासून, लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड, पहिल्या ५ अंकांची चित्रं मुख्यतः अँडी क्युबर्टची, दुसऱ्या ५ अंकांची पास्क्वाल फेरीची. इथे जखम सगळ्या अंगभर आहे. टोनीच्या शरीरात सगळीकडे मेंदूसारख्या पेशी, त्यामुळे अफाट बुद्धी आणि तितक्याच अफाट वेदना. बाळपणापासून त्याची कातडी जपण्यासाठी एक जैविक लेप. कल्पना धीट आहे, पण ती ‘अल्टिमेट्स’मधल्या टोनीशी जुळत नाही, आणि ते मार्वललाही उमगलं. नंतर कथेतच खुलासा झाला, की ही हकीकत म्हणजे त्या विश्वात टोनीवर निघालेली अ‍ॅनिमे मालिका. म्हणजे नाव ‘अल्टिमेट आयर्न मॅन’ असूनही, अल्टिमेट आयर्न मॅनचा खरा इतिहास या पुस्तकात नाही. नाव पाहून हेच आधी उचललं जातं. पहिलं पुस्तक म्हणून हे घेऊ नका.

छोटं, स्वतंत्र, एका बैठकीत संपणारं काही हवं असेल, तर वॉरन एलिसचं ‘अल्टिमेट ह्यूमन’ (२००८, चित्रं केरी नॉर्ड, ४ अंक). ब्रूस बॅनर, म्हणजे हल्क, मदत मागायला टोनीकडे येतो. मागचं फारसं वाचलेलं नसलं तरी चालतं.

हे विश्व २०१५ च्या ‘सिक्रेट वॉर्स’ या मालिकेत संपलं.

२०२३ नंतरचं अल्टिमेट

हे जुन्याची पुढची पायरी नाही, वेगळीच पृथ्वी आहे, क्रमांक ६१६०. ‘अल्टिमेट इन्व्हेजन’ (२०२३, जोनाथन हिकमन आणि ब्रायन हिच, ४ अंक) इथून सुरुवात. मेकर, म्हणजे जुन्या अल्टिमेट विश्वातला बिघडलेला रीड रिचर्ड्स, या पृथ्वीवर नायक जन्मूच नयेत अशी व्यवस्था करतो. चिलखत आधी टोनीच्या वडिलांकडे, हॉवर्ड स्टार्ककडे आहे. टोनी पोरसवदा आहे आणि पुढे ‘आयर्न लॅड’ या नावाने उभा राहतो. इथे शरीरात जखमच नाही. बाप दुरावलेला, इतिहास चोरलेला, आणि इतरांचं चोरलेलं नायकपण ज्याचं त्याला परत पोचवायचं, हे टोनीचं काम.

वाचनाचा क्रम: ‘अल्टिमेट इन्व्हेजन’ १ ते ४, मग ‘अल्टिमेट युनिव्हर्स’ हा एकच स्वतंत्र अंक (२०२३), मग ‘द अल्टिमेट्स’ (२०२४ पासून, डेनिझ कॅम्प आणि हुआन फ्रिजेरी). मधला एकटा अंक लोक हमखास गाळतात, आणि मग टोनीबरोबर हे बाकीचे कोण, असा प्रश्न घेऊन येतात. या विश्वात एक अंक म्हणजे साधारण एक महिना, गोष्ट खऱ्या कॅलेंडरबरोबर चालते. म्हणून मधला अंक सोडला तर तेवढा काळच निसटतो.

एकच नाव, वेगळी पुस्तकं

‘अल्टिमेट्स’ असं लिहिलेलं सगळं अल्टिमेट विश्वातलं नसतं. २०१५ ची अल ईविंगची ‘अल्टिमेट्स’ आणि तिची पुढची मालिका या मुख्य विश्वातल्या आहेत. त्यांच्या चमूत कॅप्टन मार्वल, ब्लॅक पँथर वगैरे, टोनी नाही. यातली दुसरी ‘अल्टिमेट्स’च्या डोक्यावर छोटा २ लावून छापली आहे, त्यामुळे मिलर-हिचच्या ‘अल्टिमेट्स २’ ऐवजी हीच ऑर्डर होते. तसंच २०२१ चं ‘हीरोज रीबॉर्न’ हे जेसन आरनचं निराळं कथानक आहे, १९९६ च्या विश्वाशी त्याचा संबंध नाही.

बारकोड कसा वाचायचा

मागच्या काही दशकांतल्या कॉमिक्स दुकानांसाठीच्या अंकांवर मोठ्या बारकोडच्या उजवीकडे पाच आकड्यांचा छोटा बारकोड असतो. पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा प्रकार, पाचवा कितवी छपाई. ००१११ म्हणजे अंक १, नेहमीचं मुखपृष्ठ, पहिली छपाई. ००११२ म्हणजे तोच अंक, दुसरी छपाई. ००१२१ म्हणजे वेगळं मुखपृष्ठ, पण छपाई पहिलीच. जुना अंक दुसऱ्या कोणाकडून घेत असाल, तर मुखपृष्ठाच्या फोटोबरोबर या पाच आकड्यांचा जवळून काढलेला फोटो मागा. नुसत्या मुखपृष्ठावरून छपाई ओळखण्याच्या फंदात पडू नका.

घरी नेल्यावर

आपल्याकडे अंक खराब होतो तो पावसाळ्यात. आधी पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग उतरतो. नव्या अंकांचा गुळगुळीत कागद ओलाव्याने एकमेकांना चिकटतो. ओढून सोडवला की शाई उखडते. दमट कोपऱ्यात कसर लागते ती वेगळीच.

अंक पिशवीत घालताना मागे आम्लविरहित पुठ्ठा द्या, त्याची चकचकीत बाजू अंकाकडे. आजच्या अंकांना ‘करंट’ मापाची पिशवी बसते, साठच्या दशकातले अंक जरा रुंद म्हणून त्यांना ‘सिल्व्हर’ माप. झडप मागे दुमडून टेप पिशवीलाच लावा. अंक बाहेर काढताना आधी टेप पूर्ण काढून बाजूला ठेवा. झडपेवर लोंबती ठेवली तर मुखपृष्ठाला चिकटते आणि रंग घेऊन निघते. खोक्यात अंक उभे ठेवा, पण खोका अर्धा रिकामा असेल तर ते वाकतात. उरलेली जागा पुठ्ठ्याने भरा. सिलिका जेलच्या पुड्या घाला, जूनपासून अधूनमधून बदला. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास कागदातून जात नाही. खोका बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवरही ठेवू नका. लोखंडी कपाटापेक्षा उघड्या फडताळावर हवा बरी खेळते.

ऑर्डर देताना

मालिकेचं नाव, पहिला अंक निघालेलं साल, लेखक आणि अंक क्रमांक, या चार गोष्टी लिहून द्या. ठरावीक छपाई किंवा मुखपृष्ठ हवं असेल तर पाच आकडेही. संग्रह हवा असेल तर ‘कोणत्या अंकापासून कोणत्या अंकापर्यंत’ ते लिहा, नुसतं ‘भाग १’ नको. मार्वल तेच अंक वेगवेगळ्या आकारांत आणि वेगळ्या भाग-क्रमांकांनी पुन्हा छापते. सुटे अंक पिशवीतून बाहेर न काढता परत आणले तर बदलून देतो. वाचलेले घेत नाही.