उन्हाळ्यात पाय चालते ठेवा, हा सल्ला आला कुठून?

मार्च सरला की ज्यांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत त्यांचा त्रास वाढतो. संध्याकाळी चपलेचा पट्टा पावलात रुतलेला दिसतो, पोटरीवरच्या निळ्या, वेड्यावाकड्या शिरा टरारून येतात, पाय मणामणाचे होतात. अशा वेळी पंख्याखाली पडून राहावंसं वाटणं साहजिक आहे. डॉक्टर मात्र सांगतात, चाला. व्हेरिकोज व्हेन्सवरचा हा सल्ला ऐकायला साधा असला, तरी तो शास्त्राच्या पायावर उभा राहायला काही शतकं जावी लागली.

विकार जुनाच आहे. अथेन्समध्ये सापडलेल्या इसवी सनापूर्वी 4थ्या शतकातल्या एका नवसाच्या शिल्पात एका माणसाने भलामोठा पाय हातांत धरलेला आहे आणि त्यावर फुगलेली शीर स्पष्ट कोरलेली आहे. सुश्रुतसंहितेत ‘सिराज ग्रंथी’चं वर्णन येतं आणि आयुर्वेदाचे अभ्यासक ते याच विकाराशी जोडतात. तिथे कारण दिलं आहे ते अशक्त माणसाने केलेल्या श्रमांचं. म्हणजे तेव्हा दोष हालचालीच्या माथी आला होता. रोमन सेनानी मारियसने पाय बांधून न घेता, हूं की चूं न करता एका पायाच्या शिरा कापून घेतल्या आणि दुसरा पाय पुढे करायला नकार दिला, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. यापैकी कोणालाही शीर मुळात का फुगते हे ठाऊक नव्हतं.

ते कळायची सुरुवात इटलीतल्या पाडुआ इथे झाली. शरीररचनेचा अभ्यासक फॅब्रिशियसने 1603 मध्ये शिरांमधल्या झडपांची चित्रं छापली, पण त्यांचं काम त्याला नीट उलगडलं नाही. त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने 1628 मध्ये ते दाखवलं. दंडावर पट्टी आवळली की हातावरच्या शिरा फुगतात आणि जागोजागी गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे झडपा. एका गाठीच्या खाली शीर बोटाने दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने रक्त गाठीच्या वर सारायचं. दाबलेलं बोट हलवलं नाही, तर मधला तुकडा रिकामाच राहतो, रक्त उलटं येत नाही. पायातही हीच रचना आहे. झडपेचे पडदे एकमेकांना भिडेनासे झाले की रक्त खाली घसरतं, साठतं आणि शीर ताणली जाते. शीर रुंदावली की पुढची झडपही भिडत नाही. म्हणूनच हा विकार पायरीपायरीने वाढतो.

झडप एकदिशा दार आहे, पण ढकलतं कोण? इथे पोटरी येते. पोटरीच्या स्नायूंमध्ये रक्ताने भरलेल्या पोकळ्या असतात. स्नायू आवळला की तिथलं रक्त खोल शिरांतून वर जातं आणि सैल पडला की त्वचेजवळच्या शिरांतलं रक्त आत ओढलं जातं. या पंपाची ताकद 1949 मध्ये पोलॅक आणि वुड या अमेरिकी संशोधकांनी घोट्याजवळच्या शिरेतला दाब थेट मोजून दाखवली. माणूस नुसता उभा असताना दाब सुमारे 87 मिलिमीटर पारा, चालू लागल्यावर सुमारे 22. आमच्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे आकडे हेच. झडपा निकामी असतील तर दाब इतका उतरत नाही आणि थांबताच झटकन चढतो, पण चालताना तो काही प्रमाणात उतरतो.

बाहेरून दाब द्यायचा मार्ग याच्या कितीतरी आधीचा. इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सक रिचर्ड वाइजमनने 17व्या शतकात पायाच्या जखमांसाठी दोऱ्यांनी आवळायचा चामडी मोजा वापरला. 19व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत उना या त्वचारोगतज्ज्ञाने झिंकच्या लेपाची पट्टी आणली. ती पायात असताना रुग्ण हिंडूफिरू शकत होता. अमेरिकेत कॉनराड जॉब्स्ट या इंजिनिअरला स्वतःलाच हा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके होतात हे त्याच्या ध्यानात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, मग तसाच घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारा मोजा का नसावा? 1950च्या सुमारास त्याने तो बनवला. हिशेबही जुळतो. 120 सेंटिमीटर खोल पाण्यात घोट्यावर बाहेरून साधारण 88 मिलिमीटर दाब पडतो, म्हणजे उभ्या माणसाच्या शिरेत असतो जवळपास तेवढाच. म्हणून उन्हाळ्यात छातीइतक्या पाण्यात 20 ते 30 मिनिटं चालणं हा उत्तम व्यायाम आहे. पाणी गरम मात्र नको.

उष्णतेचा दोष इथेच आहे. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. निरोगी शीर हे निभावते, पण जिची झडप जेमतेम भिडते तिच्यात फट पडते. त्यात ऊन टाळायला माणूस हिंडणं कमी करतो आणि पंपही मंदावतो.

म्हणून चालणं सोडू नका, वेळ बदला. विदर्भ-मराठवाड्यात सकाळी आठच्या आत 30 मिनिटं, सलग जमत नसेल तर 10-10 मिनिटं. सैल स्लीपरमध्ये पाऊल घसटत पडतं, टाच पुरती उचलली जात नाही आणि पोटरी अर्धंच काम करते, तेव्हा मागून पट्टा असलेलं पादत्राण घाला. दिवसभर उभ्याने काम असेल तर दर तासाला ओट्याला किंवा काउंटरला धरून टाचा वर-खाली करा, 2 सेकंद वर, 2 सेकंद खाली, 15 ते 20 वेळा. बसून काम असेल तर घोटे हलवा, नुसतं बसणं हा उपाय नाही. तरी बसायची सोय हवीच. उभ्याने काम करणाऱ्यांना ती देण्याची तरतूद 1948च्या कारखाने कायद्यातच झाली होती. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांनाही तो हक्क दिला. साड्यांच्या दुकानात दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायकांचे पाय पाहिले की ही तरतूद किती निकडीची आहे ते कळतं.

दाब देणारे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घालावेत, सूज चढल्यावर ते नीट बसत नाहीत. वरची कड दुमडू नका, दुमडलेली कड दोरीसारखी आवळते आणि खालचा पाय उलट सुजतो. घामाने रबर ढिलं पडतं, म्हणून रोज धुवा आणि साधारण सहा महिन्यांनी बदला. मधुमेही, धूम्रपान करणारे किंवा चालताना ज्यांची पोटरी आखडते त्यांनी आधी पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात. रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनेही घोटे सुजतात, ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.

व्यायामाने बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही, जडपणा आणि सूज उतरते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो व्यायामाचा विषय नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि फुगलेली शीर ओरखड्याने फुटून रक्ताची धार लागली, तर लगेच आडवं व्हा, पाय उंच धरा आणि स्वच्छ फडकं जखमेवरच 10 मिनिटं न उचलता दाबा. वर मांडीला काही करकचून बांधू नका. हार्वेच्या पट्टीने दंडाखालच्या शिरा फुगत होत्या, तसंच इथे होतं आणि रक्त थांबायच्या ऐवजी जोराने वाहतं.