स्तनकर्करोगाचा मेंदूतील प्रसार

स्तनातील कर्कपेशी रक्तावाटे मेंदूत जाऊन तेथे जी गाठ धरतात, तिला दुय्यम गाठ म्हणतात. बेळगाव सीमाभागात, खानापूर-निपाणी-चिकोडीकडच्या घरांत, स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईबद्दल ‘आता मेंदूचाही कॅन्सर झाला’ असे सांगितले जाते, तेव्हा तो बहुतेकदा नवा आजार नसतो. गाठ मेंदूत असली तरी तिच्या पेशी स्तनाच्याच असतात आणि औषधेही त्याच हिशेबाने ठरतात. हर-टू पॉझिटिव्ह (पेशीवर हर-टू हे वाढीचे संदेश घेणारे प्रथिन जास्त असलेला) आणि ट्रिपल निगेटिव्ह (संप्रेरकांचे दोन ग्राही म्हणजे रिसेप्टर आणि हर-टू यांपैकी काहीच नसलेला) या दोन प्रकारांत हा धोका विशेष असतो. आजार शरीरात पसरलेल्या हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत स्त्रियांना पुढे मेंदूत गाठ होऊ शकते.

कर्करोग ठरावीक अवयवांतच का रुजतो, हा प्रश्न इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडला. बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्या जमिनीतच उगवते, असे त्यांचे उत्तर होते. मेंदूची जमीन तर फारच परकी. तेथील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. हा रक्त-मेंदू अडसर ओलांडणे बहुतेक पेशींना साधत नाही. ज्यांना साधते त्यांची हत्यारे २००९ पासून एकेक करून ओळखीची झाली. कॉक्स-टू हे विकर (एन्झाइम) आणि एचबी-ईजीएफ हा वाढघटक अडसर सैल करण्यास मदत करतात. एरवी मुख्यतः मेंदूतच आढळणारे एक विकर कर्कपेशी स्वतः तयार करू लागते आणि आपल्या पृष्ठभागावरील शर्करा बदलते, त्यामुळे ती तेथील वाहिन्यांना चिकटू शकते. कॅथेप्सिन एस हे विकर वाहिनीच्या पेशींमधला जॅम-बी हा सांधा कापते.

आत शिरणे म्हणजे जगणे नव्हे, आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो. आलेल्या बहुसंख्य पेशी मेंदू मारून टाकतो. ॲस्ट्रोसाइट या ताराकृती आधारपेशी प्लाझ्मिन नावाचे विकर सक्रिय करतात. प्लाझ्मिन दोन कामे करते: ॲस्ट्रोसाइटवरील फॅस लिगँड हा मृत्युसंदेश सुटा करून कर्कपेशीकडे पाठवते, आणि कर्कपेशी ज्या एल-वन-कॅम प्रथिनाने केशवाहिनीला धरून असते ते प्रथिनच तोडते. पकड सुटली की पेशीची वाढ खुंटते. वाचतात त्या थोड्या पेशी सर्पिन गटातील, म्हणजे प्लाझ्मिनची निर्मिती रोखणारी, प्रथिने स्रवतात. मग त्या वाहिनीच्या बाहेरच्या अंगाला पसरून तिच्याच रक्तावर वाढतात. हे २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. पुढची बरीचशी माहितीही प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमधलीच आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

नंतर शत्रूच मदतनीस बनतो. कर्कपेशी कनेक्सिन-४३ च्या सूक्ष्म नळ्यांनी ॲस्ट्रोसाइटशी जोडली जाते आणि तिच्यात सीजीएएमपी हा रेणू सोडते. विषाणूचा हल्ला झाल्यासारखी ॲस्ट्रोसाइट इंटरफेरॉन आणि टीएनएफ ही धोक्याचे संदेश देणारी प्रथिने बाहेर टाकते. त्या संदेशांनी कर्कपेशी बळावते आणि केमोला दाद देत नाही (२०१६). ॲस्ट्रोसाइटने सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांतला मायक्रो-आरएनए कर्कपेशीतील पीटेन या लगाम घालणाऱ्या जनुकाला गप्प करतो. त्याच पेशी मेंदूबाहेर काढल्या की पीटेन पुन्हा जागे होते (२०१५). म्हणजे येथे बी बदलते ते जमिनीमुळे. २०१९ मध्ये तर कर्कपेशी चेतापेशींच्या सांध्याला लागून बसून तेथील ग्लुटामेट वाढीसाठी वापरताना आढळल्या.

उपचारांची अडचण याच अडसराशी निगडित आहे. हर-टूवरचे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड आकाराने मोठे असल्याने मेंदूत फारसे पोचत नाही. छाती-यकृतातला आजार आटोक्यात असताना मेंदूत गाठ निघते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. टुकॅटिनिब ही गोळी (अमेरिकेत मान्यता २०२०) लहान रेणूची असून मेंदूतील गाठींवरही परिणाम करते. शस्त्रक्रिया आणि नेमका किरणोपचार हे मार्ग आहेतच.

सकाळी उठताच डोके दुखून उलटी होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, चालताना तोल जाणे, पहिल्यांदाच फिट येणे ही लक्षणे आहेत. ‘पित्त चढलंय’ म्हणून मेडिकलमधून गोळी आणून दिवस काढले जातात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईच्या बाबतीत तसे कदापि करू नये, काँट्रास्टसह एमआरआय करून घ्यावा. बेळगावात केएलई संस्थेच्या नव्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. तरी सीमाभागातले रुग्ण मिरज, कोल्हापूर, मुंबईलाही जात असतात, आणि या फेऱ्यांत कागद मागे राहतात. मेंदूतील गाठीचा हर-टू किंवा संप्रेरक-ग्राही निकाल मूळ गाठीपेक्षा वेगळा येऊ शकतो. तुलना करण्यासाठी पहिल्या बायोप्सीचा अहवाल, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लागतो. हे सगळे ज्या प्रयोगशाळेत असेल तेथून मागून घेऊन फाइलीसोबत ठेवावा.