बहिष्काराला १९६२ पासून मोकळे रान आहे काय?

दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंना, म्हणजे सय्यदनांना, कोणालाही जमातीबाहेर काढण्याचा अनिर्बंध अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहाल केला, असे आजही ठामपणे सांगितले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला बहिष्कारबंदी कायदा न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला, तो धार्मिक कारणांवरून केलेल्या बहिष्कारालाही सरसकट मनाई करून पंथाच्या धर्मविषयक स्वायत्ततेत हस्तक्षेप करतो म्हणून. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत मात्र वेगळे होते, आणि माझ्या मते तेच अधिक दूरदृष्टीचे होते, कारण वाळीत टाकलेल्या माणसाला दफनभूमीही नाकारली जाते, हा प्रश्न केवळ धर्माचा उरत नाही. शिवाय हा अधिकार निरंकुश नाही, संबंधिताला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्येच सांगितले होते.

महाराष्ट्रात २०१७ पासून सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हींची तरतूद आहे. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हा विषय नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.