मर्केल पेशी कर्करोग : जोखमीचे घटक आणि ग्रामीण विदर्भ

त्वचेचा अत्यंत विरळ, पण झपाट्याने पसरणारा कर्करोग. सिरिल टोकर यांनी १९७२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. नाव मात्र १८७५ मध्ये त्वचेतील स्पर्शपेशींची नोंद करणाऱ्या फ्रीडरिक मर्केल या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञावरून पडले. २००८ साली पिट्सबर्ग येथे युआन चँग व पॅट्रिक मूर यांच्या प्रयोगशाळेला या गाठींत एक पॉलिओमा विषाणू सापडला. जगभरातील सुमारे ८० टक्के गाठींत तो असतो.

विषाणू असणे म्हणजे रोग होणे नव्हे. बहुतेक माणसांना त्याचा संसर्ग लहानपणीच होतो आणि तो आयुष्यभर त्वचेवर निमूटपणे राहतो. क्वचित त्याच्या जनुकांचा तुकडा पेशीच्या डीएनएत घुसतो, पेशींच्या वाढीला आवर घालणारे प्रथिन निकामी होते आणि गाठ धरते. त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे काढण्यात काहीच अर्थ नाही.

धोका वाढवणाऱ्या गोष्टींत वय पहिले. बहुतेक रुग्ण पन्नाशीपुढचे असतात. त्यानंतर दुबळी प्रतिकारशक्ती. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची औषधे, एचआयव्ही, रक्ताचा दीर्घकालीन लिम्फोसायटिक कर्करोग या तिन्हींत धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून प्रत्यारोपणाच्या गोळ्या स्वतःहून बंद करणे मात्र भलतेच महागात पडते. गुडघेदुखीवर महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या बिनचिठ्ठीच्या स्टेरॉइड गोळ्याही प्रतिकारशक्ती खच्ची करतात; गावाकडे त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तिसरा घटक ऊन. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, पण त्वचेला घातक ठरतात ते अतिनील किरण, उष्मा नव्हे. विषाणू नसलेल्या गाठींत तर याच किरणांनी केलेले जनुकीय बदल भरपूर दिसतात. गोऱ्या कातडीला धोका बराच जास्त. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य बरेचसे संरक्षण देते, पूर्ण नाही. कापूस वेचणाऱ्या बाया तोंडाला दुपट्टा बांधून, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात. ही सवय उत्तमच. धानाच्या रोवणीत वाकलेल्या गड्याची मान आणि कान मात्र उघडेच राहतात.

विदर्भात कर्करोग म्हटले की खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण, आठवतो. तोंडाच्या कर्करोगाशी त्याचे नाते पक्के आहे; या रोगाचे ते प्रस्थापित कारण नाही.

गाठ लालसर वा जांभळट, टणक आणि बहुधा न दुखणारी असते. दुखत नाही म्हणून गळू किंवा आवाळू समजून बिब्बा, चुना लावत बसण्यात वेळ जातो, आणि ती काही आठवड्यांतच वाढते. चेहरा, मान किंवा हातावर अशी गाठ दिसली तर तुकडा तपासणी करावी लागते. ही सोय सेवाग्राम आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगासारख्याच दिसतात, त्यामुळे सीके-२० व टीटीएफ-१ या प्रथिनांची चाचणी करून दोन्हींतला फरक ठरवतात.