अवकाश-कालाचे तत्त्वज्ञान

अवकाश आणि काल यांना स्वतःचे अस्तित्व आहे, की वस्तू व घटना यांच्यातील संबंधांनाच आपण ही नावे देतो, या प्रश्नाचा विचार करणारी तत्त्वज्ञानाची शाखा. पहिल्या मताला द्रव्यवाद व दुसऱ्याला संबंधवाद म्हणता येईल.

न्यूटनने १६८७ मध्ये निरपेक्ष अवकाशाचा पुरस्कार करताना पाण्याच्या बादलीचा दाखला दिला. पीळ दिलेल्या दोरीला टांगलेली बादली सोडली की आधी बादलीच फिरते आणि पाण्याचा पृष्ठभाग सपाट राहतो. पुढे पाणीही तिच्याच वेगाने फिरू लागते व मध्यभागी खोलगट होते. तेव्हा बादलीच्या तुलनेत ते स्थिरच असते. मग ते फिरते आहे ते कशाच्या संदर्भात? न्यूटनचे उत्तर होते, अवकाशाच्याच. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सला ते पटणारे नव्हते. अखंड विश्व जसेच्या तसे थोडे बाजूला सरकवले तर काहीच वेगळे दिसणार नाही, म्हणून असे सरकणे निरर्थक आहे, असे त्याने न्यूटनचा समर्थक सॅम्युएल क्लार्क याच्याबरोबरच्या पत्रव्यवहारात (१७१५-१६) मांडले. दोघांचीही बाजू आजही बिनतोड वाटते, आणि वाद टिकून राहिला तो त्यामुळेच.

आइन्स्टाइनच्या १९०५ मधील विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, हे निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असते. गणितज्ञ मिंकोव्स्कीने १९०८ मध्ये अवकाश व काल यांचे एकच चतुर्मित विश्व कल्पिले. साऱ्या विश्वाला सामाईक असा ‘आत्ता’ नसेल, तर भविष्यही वर्तमानाइतकेच खरे मानावे लागेल, असे तत्त्वज्ञ हिलरी पटनमने १९६७ मध्ये प्रतिपादले. हा निष्कर्ष घाईचा आहे. ‘घडून गेलेले’ म्हणजे काय, हे प्रत्येक घटनेच्या संदर्भात स्वतंत्रपणे ठरवता येते, हे हॉवर्ड स्टाइनने पुढच्याच वर्षी दाखवले.

या शाखेतील सर्वांत मर्मभेदी युक्तिवाद मात्र व्यापक सापेक्षतेतून, म्हणजे गुरुत्वाकर्षण हे अवकाश-कालाच्या वक्रतेतून समजावणाऱ्या आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून आला. हा सिद्धांत घडवत असताना १९१३ मध्ये आइन्स्टाइनने पदार्थ नसलेला एक प्रदेश, म्हणजे ‘छिद्र’, कल्पिला. समीकरणे सर्व सहनिर्देशक पद्धतींत (बिंदूंना आकडे देण्याच्या पद्धतींत) सारखीच लागू पडत असतील, तर छिद्राबाहेर काहीही न बदलता आतील गुरुत्वीय क्षेत्र वेगळ्या बिंदूंवर पसरवता येते, आणि ही मांडणीही समीकरणांत बसते; म्हणजे छिद्रात नेमके काय आहे, हे समीकरणांवरून ठरत नाही. या पेचामुळे आइन्स्टाइन दोनेक वर्षे चुकीच्या समीकरणांना धरून राहिला. दोन मांडण्यांत मोजता येण्याजोगा कोणताही फरक नाही, हे ध्यानात आल्यावर त्याने तो पेच सोडून दिला.

तत्त्वज्ञ जॉन अर्मन व जॉन नॉर्टन यांनी १९८७ मध्ये या युक्तिवादाला द्रव्यवादाविरुद्धच्या आक्षेपाचे रूप दिले. अवकाश-कालाच्या बिंदूंना स्वतःची ओळख असेल, तर छिद्रात पुढे काय घडेल हे भौतिकीचे नियम ठरवू शकत नाहीत. आणि नियतत्ववाद, म्हणजे आजच्या स्थितीवरून पुढचे सारे ठरते हे मत, बुडवायला हे कारण फारच क्षुल्लक ठरते. आता बरेच द्रव्यवादी बिंदूंची वेगळी ओळख सोडून देतात, गुरुत्वीय क्षेत्राचे अस्तित्व मात्र सोडत नाहीत. २०१५ मध्ये प्रथमच नोंदवलेल्या गुरुत्वीय तरंगांनी, म्हणजे या क्षेत्रातल्याच लहरींनी, त्यांना बळ दिले आहे : जे निर्वातातून ऊर्जा वाहून नेते, त्याला निव्वळ संबंध म्हणणे अवघड जाते.