मेंदूच्या गाठीची जनुक तपासणी : ब्लॉक द्यायचा की रक्त?

मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या गाठीचं ऑपरेशन झालं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर टीपी५३, एनएफ२, सीडीकेएन२ए अशी नावं येतात. मग आमच्या सोलापूरच्या लॅबच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे आमच्या पोरांनाही होणार का?" बहुतेक वेळा, नाही.

ही नावं म्हणजे गाठ रोखणारी जनुकं. पेशीची वाढ आवरायची, बिघाड झाला तर तिला थांबवायचं, नाहीतर मरू द्यायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. सायकलचा एक ब्रेक गेला तरी दुसऱ्यावर भागतं. इथेही बहुधा दोन्ही प्रती गेल्यावरच गाठ धरते. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगावरून अमेरिकी डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं.

बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही बिघाड पुढे आयुष्यात आणि फक्त गाठीतच होतात. ते ब्लॉकमध्ये, म्हणजे ऑपरेशनात काढलेल्या गाठीच्या मेणात जपलेल्या तुकड्यात दिसतात, आणि त्यावर उपचार ठरतात. उदाहरणार्थ, आयडीएच नावाच्या जनुकात बदल असलेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात (मेंदूच्या गाठीचा एक प्रकार) सीडीकेएन२ए किंवा बीच्या दोन्ही प्रती गायब निघाल्या, तर स्लाइडवर गाठ साधी दिसली तरी २०२१ पासून ती ग्रेड ४, म्हणजे सगळ्यात आक्रमक धरतात.

रक्ताची तपासणी वेगळी. एक प्रत जन्मतःच बिघडलेली आहे का, एवढंच ती सांगते. अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग (एनएफ१), दोन्ही कानांच्या नसांवर गाठी (एनएफ२), घरात कमी वयातले कर्करोग (टीपी५३), असं काही असेल तर डॉक्टर ती सुचवतात. बिघाड सापडला तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. एनएफ१च्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच तो नसतो. धंदा आमचाच आहे, तरी सांगतो : चिठ्ठी नसताना अख्ख्या घराचं रक्त देऊ नका.

ही तपासणी आमच्याकडे सोलापुरात होत नाही. सॅम्पल आम्ही पुण्या-मुंबईला पाठवतो. ब्लॉक ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात अर्ज करून मिळतो. तो मेणाचा असतो, त्यामुळे उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवून अक्कलकोट-बार्शीहून आणू नका, पिशवीत सावलीला ठेवा. सोबत बायोप्सी रिपोर्टची झेरॉक्स हवीच. रक्तासाठी उपाशीपोटी यायची गरज नाही. उरलेला ब्लॉक परत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे नवी तपासणी लागली तर तोच कामी येतो.